दानियलबुवांचा उतरलेला सूर

संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, "तुमच्या संगीतसेवेबद्दल आमच्या दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा." मी म्हटलं, बाई, पत्ता चुकला. संगीताची सेवा करणारे लोक स्टेजवर शाल पांघरून बसतात. मी त्यांच्या पेट्यांमधले मेलेले उंदीर काढत आलो. त्या म्हणाल्या, "मग त्याबद्दल लिहा." तेव्हा वाचणाऱ्यांनी फराळाची ताटली जरा बाजूला ठेवावी.

भद्रकालीच्या मागच्या गल्लीत माझं पेट्या दुरुस्तीचं दुकान होतं. वडिलांनी सुरू केलं, मी चालवलं, आणि मुलानं "आता बंद करा" असं सांगितल्यावर केवळ त्याला खिजवायला म्हणून आणखी काही वर्षं चालवलं. पेटी म्हणजे हार्मोनियम. गाणाऱ्यांना वाटतं ती गळ्यानं वाजते, वाजवणाऱ्यांना वाटतं बोटांनी वाजते. ती वाजते भात्यानं. मागचा भाता हलवला की आत हवा शिरते, पट्टी दाबली की ती हवा पितळेच्या एका बारीक जिभेवरून जाते आणि जीभ थरथरते. त्या जिभेला आम्ही सूर म्हणतो. जिभेचं टोक कानशीनं जरासं घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. धंद्याचं शास्त्र एवढंच. बाकी सगळा वेळ मुंग्या, उंदीर आणि गिऱ्हाईक यांच्यात जातो, आणि तिघांपैकी उंदीर त्यातल्या त्यात समजूतदार.

कळवणहून एकदा एक भजनी मंडळ पेटी घेऊन आलं. तीन पट्ट्या मुक्या झाल्या होत्या. शेजारच्या गावच्या मंडळानं करणी केली, असं त्यांचं ठाम मत. मंडळाच्या बुवांनी पेटीभोवती लिंबू-मिरच्या बांधून आणल्या होत्या. मी उघडून बघितलं तर कुंभारमाशीनं आत मातीची छान बंगली बांधलेली. खरवडून काढली, पट्ट्या बोलायला लागल्या. तरी बुवा जाताना लिंबू मिरच्या परत बांधून घेऊन गेले. विंचूरचा एक कांदाव्यापारी पेटी कांदाचाळीत ठेवायचा. तिचा भाता मारला की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी. "आमच्या भजनाला लोक ढसाढसा रडत्यात," असं ते गृहस्थ मला छाती फुगवून सांगत होते. मी काय बोलणार? गिऱ्हाईक होतं.

पण लिहायचं म्हटलं की मला आठवतात दानियलबुवा. त्यांच्या पेटीपायी माझ्या दुकानात जे महाभारत झालं, तसं दुसरं कुठलं झालं नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. दुकानाच्या दारात एक आडदांड, पांढऱ्या दाढीचा माणूस उभा राहिला. डोक्यावर गोल टोपी, एका हातात पेटी, दुसऱ्या हातात कुणाची तरी विसरलेली छत्री. आत आला, पेटी खाली ठेवली आणि मला मिठी मारली. नाशकात माणसं एकमेकांना मिठी मारतात ती तालमीत, आणि तिथंही उलथून पाडायच्या हेतूनं. मी घाबरून हातातली कानस घट्ट धरली. "घाबरू नको," तो म्हणाला, "मी दानियल. कीर्तन करतो. तुझं नाव?" मी म्हटलं, "दिगंबर." "दिगू," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून मी दिगूच.

बुवा बेने इस्राएल होते. म्हणजे आपल्याकडचे ज्यू. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. बुवा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले आणि नाशिकरोडला राहिले. त्यांच्या समाजाची घरं इथं इतकी थोडी की प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवताना त्यांची दमछाक व्हायची. दहावा माणूस देवळालीहून सायकलवर यायचा, आणि तो पंक्चर झाला की देवाला थांबावं लागायचं, असं बुवाच सांगायचे. स्वतःच्या माणसांत दहा जमत नाहीत म्हणून की काय, त्यांनी आमची माणसं जमवायला सुरुवात केली.

कीर्तन मराठीत, थाट आपल्याच कीर्तनाचा, आख्यान मात्र त्यांच्या धर्मग्रंथातल्या मोशेचं, नाहीतर एलियाहू नबीचं. मोशेपुढे समुद्र दुभंगायचा प्रसंग आला की बुवा थांबायचे आणि विचारायचे, "पाणी किती होतं म्हणता?" मग स्वतःच ओरडायचे, "दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून!" गोदावरीचा पूर त्या मारुतीवरून मोजण्यात जन्म गेलेले लोक अक्षरशः शहारायचे. इजिप्तचा राजा नगरपालिकेतल्या साहेबासारखा बोलायचा. लाऊडस्पीकर बंद करायला आलेल्या हवालदाराला बुवांनी एकदा मिठी मारली आणि तो शेवटपर्यंत टाळ धरून उभा राहिला.

वेळेचं मात्र त्यांना वावडं. त्यातून शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत ते पेटीला हात लावत नसत. त्यांचा शब्बाथ. गणपतीत एका मंडळानं नेमकी शनिवारची तारीख दिली. बुवा म्हणाले, "येतो की. तीन तारे दिसले की सुरू." भाद्रपदात तारे! अख्खी गल्ली माना वर करून ढगांकडे बघत बसलेली, आणि बुवा ओट्यावर शेंगा खात. एक तारा दिसला. टाळ्या. दुसरा दिसला. तिसऱ्याला कार्यकर्त्यांनी एवढा जल्लोष केला की बुवाही उठले, वर पाहिलं आणि परत बसले. "ती पाण्याच्या टाकीवरची लाईट आहे," म्हणाले. मंडळाचे अध्यक्ष रडकुंडीला आले होते. पण त्या दिवशीच्या कीर्तनाबद्दल लोक अजून बोलतात.

या सगळ्याच्या वर त्यांची एक चाल होती. शब्द नाहीत. नुसतं "ला ला" करत वर चढायचं, एका सुरावर टेकायचं आणि हळूहळू उतरायचं. पहिल्यांदा ऐकून मला वाटलं, शब्द विसरले. पण बघता बघता सगळी सभा ती चाल धरायची आणि सोडायची नाही. मग भजनी मंडळांनी तिच्यावर आपापले अभंग बसवले. हरसूलच्या बाजारापासून कांद्याच्या मार्केटापर्यंत ती चाल मी ऐकलीय, आणि जिथं ऐकली तिथं "ही आमच्या आज्याची" असंच सांगणारे भेटले.

तर ती चाल जिथं टेकते तो वरचा सूर बुवांच्या पेटीत उतरलेला होता. किंचित. सर्वसामान्य माणसाला वाटेल काहीतरी हळवं वाजलं, मला वाटायचं दाताखाली खडा आला. प्रत्येक वेळी मी म्हणायचो, "बुवा, पेटी ठेवून जा. चढवून देतो."

"राहू दे रे."

"चुकीचा आहे तो."

"दिगू, माणसं तिथपर्यंत चढता चढता दमतात. खाली येतातच. माझी पेटी आधीच खाली येऊन त्यांची वाट बघते."

हे असं बोलून, मिठी मारून ते निघून जायचे, आणि माझ्या हातात कानस तशीच. मला वाटायचं, दमट हवेनं सूर उतरलाय आणि म्हाताऱ्याला पेटी चार दिवस सोडायचा आळस आहे.

बुवा गेले ते दम्यानं. आणि मग माझ्या दुकानात जे सुरू झालं त्यानं माझी झोप उडाली. भजनी मंडळं चांगल्या, सुरात असलेल्या पेट्या घेऊन यायला लागली. "हा सूर बुवांसारखा उतरवून द्या." मी समजावलं, भांडलो. एका मंडळाला तर हाकलून दिलं, ते गल्लीतल्या चहाच्या टपरीवर बसून राहिलं. शेवटी उतरवून दिले. ज्यानं जन्मभर बेसूर पेट्या सुरात आणल्या त्यानं निम्म्या जिल्ह्याच्या सुरातल्या पेट्या बिघडवल्या. बाहेरगावचा एखादा तरुण गवई इकडच्या पेटीवर गायला बसला की वर जाऊन दचकतो आणि दुरुस्ती करणाऱ्याला शिव्या देतो. त्या मला पोचतात.

मग एके दिवशी मोतीरामअण्णा आले. मखमलाबादकडे त्यांचा फुलांचा मळा, झेंडू आणि गुलाब. बुवांचे ते सगळ्यात जुने टाळकरी. दारातूनच म्हणाले, "दिगूशेठ, बुवांना घेऊन आलोय. लय आजारी हायेत."

बुवांना मातीत ठेवून वर्ष झालं होतं, आणि मी स्वतः तिथं हजर होतो. मी दाराबाहेर डोकावून पाहिलं. अण्णांनी पाठीमागून धोतरात गुंडाळलेली पेटी काढली.

हकीकत अशी होती, की शेवटचा कार्यक्रम मळ्यात झाला तेव्हा बुवा म्हणाले, "पेटी राहू दे इथं, पुढच्या आठवड्यात येतो," आणि आलेच नाहीत. अण्णांनी पेटी पाटावर ठेवली. मग फूल वाहिलं. मग रोज ताजा हार, मग हळदकुंकू, मग साखरखोबऱ्याचा नैवेद्य. नैवेद्य कुणी खाल्ला हे मला भाता उघडल्यावर कळलं. उंदरांनी आधी खोबरं खाल्लं, मग चामडं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या फटींतून कुंकू सुरांवर साठलेलं, आणि साखरेमागे आलेल्या मुंग्यांनी तर आत गावच वसवलं होतं. धंद्यात मी खूप पाहिलं, पण पेटी भक्तीनं मेलेली पहिल्यांदा पाहत होतो.

"अण्णा, वाजवलीत का कधी?"

अण्णांनी कान पकडले. "बुवांच्या पेटीला मी हात लावू? पाप लागंल."

मी म्हटलं, ठेवून जा. आणि नेमकं दुसऱ्या दिवशी, अण्णा फुलबाजारातून परतताना दुकानात डोकावले असताना, रिबेकाताई आल्या. रिबेकाताई म्हणजे बुवांची मुलगी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आणि बाप जितका भोंगळ तितक्या काटेकोर. त्यांचा मुलगा इस्राएलमध्ये अश्दोदला बस चालवतो. त्या कायमच्या तिकडे निघाल्या होत्या आणि नातवासाठी बुवांची पेटी बरोबर न्यायची होती. पेटीची पूजा चालते हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. माझ्या टेबलावरच्या कुंकवाच्या ढिगाकडे बघून त्यांचा चेहरा त्याच रंगाचा झाला.

"अण्णा, माझ्या वडिलांनी जन्मभर एकच गोष्ट सांगितली. देव एक आहे आणि त्याला आकार नाही. त्यांच्या फोटोलासुद्धा मी हार घालत नाही. आणि तुम्ही त्यांनाच आकार दिलात? तोही पेटीचा?"

"ताई, आकार नाय दिला. बुवांनी ठिवली तशी ठिवलीय."

"कुंकू लावून?"

"मग मोकळी कशी ठेवायची? बरं दिसत नाय."

मी हसू दाबायला सुरांवर फुंकर मारली आणि कुंकू माझ्याच नाकात गेलं.

ताई माझ्याकडे वळल्या. "दिगंबरभाऊ, भाता नवा करा, साफ करा, आणि तो उतरलेला सूर आधी सरळ करा. माझ्या नातवाला खोट्या सुरावर शिकायचं नाही. मी ही घेऊन जाणार."

अण्णा स्टुलावर बसले. "ताई, पेटी तुमची हाय. न्या. पर बुवा गेल्यापून मंडळात माणूस येत नाय. पेटी हाय म्हणून दर्शनाला तरी येत्यात. पेटी गेली की मंडळ गेलं. आन् तो सूर चढवला ना, तर मग बुवाच गेले समजा."

खरं सांगतो, मला दोघांचाही राग आला. एकाला पेटी देव्हाऱ्यात हवी, दुसरीला परदेशात, आणि दोघांनाही माझ्याकडूनच काम करून हवं. मी चिमट्यानं तो सूर काढला आणि उजेडात धरला. बघतो तर दमट हवेचा काही संबंध नाही. जिभेच्या बुडाशी बारीक, वेडेवाकडे ओरखडे होते. कुणीतरी अडाणीपणानं खरवडलं होतं.

"हा मुद्दाम उतरवलाय," मी म्हटलं. "कानस नाही. ब्लेड."

ताईंनी सूर हातात घेतला, चष्मा वर करून पाहिला. ओरखड्यांवरून नख फिरवलं. मग म्हणाल्या, "माझं पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड. मी घरभर शोधत होते."

मग त्यांनी सांगितलं ते असं. दमा वाढला तसा बुवांना तो वरचा सूर लागेना. घरी रियाज करताना आवाज तिथं फुटायचा. सगळी पट्टीच खाली घ्यायची तर मंडळांना कळणार, बुवा थकले. म्हणून एका दुपारी स्वयंपाकघराचं दार लावून त्यांनी पेटीचा तेवढा सूर आपल्या गळ्याइतका खाली आणला. ताईंनी बाहेरून आवाज ऐकला होता, खर्र खर्र. त्यांना वाटलं, बाबा नारळ खवतायत.

"म्हणजे ते सगळं," मी म्हटलं, "माणसं दमतात, पेटी त्यांची वाट बघते, ते?"

"आधी ब्लेड," ताई म्हणाल्या, "मग तत्त्वज्ञान."

मला हसावं की चिडावं कळेना. अर्ध्या जिल्ह्याच्या पेट्या मी एका म्हाताऱ्याची लबाडी झाकायला बिघडवल्या होत्या! पण मग माझी नजर अण्णांवर गेली. या माणसानं वर्षभर रोज ज्याला नैवेद्य दाखवला, त्याची चोरी आम्ही दोघांनी त्याच्यासमोर चिमट्यात धरली होती.

अण्णांनी विचारलं, "म्हंजे बुवांना तो सूर लागत नव्हता?"

"नव्हता," ताई म्हणाल्या.

अण्णा स्टुलावरून उठले. "मग ताई, आमाला तरी कुठं लागतो? आमी सगळे तिथं नुसते वरडायचो. बुवांनी सूर खाली आणला तव्हा कुठं आमाला तिथं टेकाया मिळालं."

ताईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं हसतायत. हसत होत्या आणि रडतही होत्या, आणि मलाही कुंकवाचं निमित्त होतंच.

थोड्या वेळानं डोळे पुसून त्या एकदम शाळेतल्या बाई झाल्या. "अण्णा, वाजवून दाखवा."

"मला येत नाय."

"मग वर्षभर केलंत काय?"

"पूजा."

"ती बंद. पेटी तुमच्याकडे राहील, पण वाजली पाहिजे. रोज. कुंकू नाही, हार नाही, खोबरं तर नाहीच. माझ्या नातवाला मी तिकडे दुसरी घेईन. दिगंबरभाऊ, भाता नवा करा. त्या सुराला हात लावायचा नाही."

"ताई, माझी बोटं खुरप्याची हायेत," अण्णा म्हणाले. "या वयात मला कोण शिकवणार?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तीस वर्षं पोरांना गप्प करून आलेल्या बाईंसमोर ते तसंच मिटलं.

तेव्हापासून फुलबाजार आटोपला की अण्णा माझ्या दुकानात. नखांत पाकळ्या, बोटं काठीसारखी, तालाचं आणि भात्याचं कधी जमायचं नाही. बंद दुकानात पट्ट्यांवरून उंदीर पळतात त्यात याहून बरा ताल असतो, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते हसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. आजूबाजूचे दुकानदार माझ्याकडे तक्रार घेऊन आले. पण मळ्यात अण्णा पेटीवर बसायला लागले आणि मंडळातली माणसं परत यायला लागली. काहीजण गायला, बरेचसे अण्णांची मजा बघायला. आली ती बसली, आणि बसली ती गायला लागली. पाटावरच्या पेटीला लोक हात जोडून निघून जायचे. चुकणाऱ्या माणसाला सोडून जाता येत नाही, त्याला सावरायला गावं लागतं.

एका रविवारी अश्दोदहून ताईंचा फोन आला. तब्येत, नातू, तिकडची भाजी हे सगळं झालं. मग त्यांनी विचारलं, "वाजते का हो?"

मी धंद्यात कधी गिऱ्हाइकाशी खोटं बोललो नाही. "वाजते," मी म्हटलं. "पण ताई, फार वाईट वाजते."



"वाईट वाजू दे," ताई म्हणाल्या. "वाजू दे."